घड्याळांवर ओरखडे काढणारा माणूस

आमचे हे ओरखडे काढतात. नोकरीच ती. कुणी विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?" की मी सरळ सांगते, "ओरखडे काढतात." समोरची बाई हसते. मी मनात म्हणते, हस बाई हस, तुला कुठे त्यांच्याबरोबर संसार करायचाय!

त्यांच्या कारखान्यात अख्खं घड्याळ बनत नाही. महागड्या घड्याळांच्या काचेभोवती आकडे कोरलेलं जे गोल कडं असतं ना, बेझल म्हणतात त्याला, तेवढंच बनतं. पूर्वी ती कडी धातूची असायची, आता सिरॅमिकची. पिठासारखी भुकटी साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची, घासून चकचकीत करायची, की झालं कडं तयार. वर्षानुवर्षं मनगटावर वागवा, दारं-भिंतींना घासा, त्यावर चरा म्हणून पडायचा नाही. पण हे असं छातीठोक सांगायचं तर आधी कुणीतरी घासून बघायला नको? ते घासून बघणारे म्हणजे आमचे हे.

एकदा डबा विसरले म्हणून मी द्यायला गेले, तेव्हा त्यांची खोली पाहिली. खिडकीपाशी लांबलचक टेबल, वर पांढरा दिवा, ट्रेमध्ये ओळीने मांडलेल्या टोकदार सळया. कोपऱ्यात मोटरवर फिरणारं एक पिंप, त्यात वाळू, किल्ल्या, नाणी आणि बिचारी ती कडी, सगळं एकत्र. कान किटतील असा खडखडाट! शेजारी छातीच्या उंचीवर एक चिमटा. त्यातून कडं खालच्या फळीवर सोडायचं, उचलायचं, डोळ्याला भिंग लावून बघायचं. हे ते पडलेलं कडं इतकं निरखून बघत होते की काय सांगू. लग्न ठरवायला आले तेव्हा मला एवढं बघितलं नव्हतं.

कारखान्यात करतात ते ठीक आहे हो, पण जित्याची खोड ती, घरी आल्यावर थोडीच सुटते? नवी कढई आली की चमच्याच्या टोकाने तिच्या बुडाशी खर्रकन् रेघ. शेजाऱ्यांनी काचेचं टेबल आणलं, तर चहा पिता पिता यांचा हात खाली, हातात नाणं. विचारलं तर म्हणायचे, "अगं, आधीच कळलेलं बरं." तेव्हापासून कुणाकडे जायचं असलं की मी दारातच यांचे खिसे रिकामे करते. इतर बायका नवऱ्याच्या खिशात भलतंसलतं शोधतात, मी किल्ल्या शोधते.

या खोडीपायी यांनी सख्खा भाऊ गमावला होता.

झालं असं, की माझ्या मोठ्या दिरांनी, म्हणजे यांच्या दादांनी, चांगली नोकरी सोडून फर्निचरचं दुकान काढलं. पहिल्या दिवशी पाहुणे जमले होते, हातात सरबताचे ग्लास होते. दर्शनी भागात आरशासारखं लखलखीत टेबल ठेवलं होतं. भाऊजी मोठ्या कौतुकाने म्हणाले, "आमच्या पॉलिशवर काहीही करा, चरा उठणार नाही!" बोलण्याची पद्धत असते ती. पण आमच्या या शहाण्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. पांढरीफटक रेघ! वर सगळ्यांच्या देखत म्हणतात कसे, "दादा, पॉलिश कच्चं आहे तुझं."

मी कपाळावर हात मारला. आणि गंमत म्हणजे यांना वाटत होतं, आपण दादावर उपकारच केले! कारखान्यात यांनी दोष काढला की साहेब पाठ थोपटतात. दादाही थोपटेल, अशी यांची समजूत. भाऊजी लालबुंद झाले. म्हणाले, "चालता हो. मला भाऊ हवा होता, तपासनीस नको." त्या दिवसापासून बोलणं बंद, येणं-जाणं बंद.

पहिलं वर्षभर हे तावातावाने विचारायचे, "मी खोटं काय बोललो?" मग विचारेनासे झाले. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून नुसते बसायचे. मला फार वाईट वाटायचं. या माणसाला मित्र असे नाहीतच, सणसणीत खरं बोलणाऱ्याला कुठून असणार? होता तो एक भाऊ.

मी आणि जाऊबाई मात्र भांडणात पडलो नव्हतो. आमचे फोन चोरून चालूच होते. एक दिवस त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही एका कामाला तुमच्या बाजूला येतोय. संध्याकाळची गाडी पकडायची आहे. दुपारी जेवायला येऊ. हो-नाही करत मोठ्या मुश्किलीने तयार झालेत. पण बजावून ठेवलंय मला, की एकदाच जाईन, तुझ्या समाधानासाठी. पुन्हा काही वाकडं झालं तर त्या घराचं नाव काढायचं नाही. तेव्हा तू तुझ्या नवऱ्याला सांभाळ."

सांभाळ म्हणे! पण सांभाळलं. सकाळीच किल्ल्या, सुटी नाणी, नेलकटर, सगळं काढून पिठाच्या डब्यामागे ठेवलं. यांना समोर बसवून सांगितलं, "हे बघा, त्यांनी काहीही घातलेलं असो, काहीही आणलेलं असो, छान आहे म्हणायचं. हात लावायचा नाही." यांनी शाळेतल्या मुलासारखी मान डोलावली. सकाळपासून दोनदा दाढी केली होती त्यांनी.

ते आले. भाऊजींचे केस पार पांढरे झालेले. दारातच यांना म्हणाले, "कसे आहात?" आहात! ज्याला लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलं, त्या धाकट्या भावाला अहो-जाहो! हे म्हणाले, "बरा आहे." झालं, संपलं. जेवताना उकाड्यावर बोलणं झालं, रस्त्यांवर झालं, पुन्हा उकाड्यावर आलं. मी आणि जाऊबाई मधे मधे उगाच हसत होतो. तोंड दुखून आलं माझं.

मग भाऊजींनी पाण्याचा ग्लास घ्यायला हात पुढे केला आणि शर्टाची बाही वर सरकली. मनगटावर घड्याळ. भारीतलं. काचेभोवती काळंभोर कडं.

यांची नजर तिथे खिळली. मला खोकला आला. जाऊबाईंनाही आला. पण भाऊजींच्या लक्षात यायचं ते आलंच. त्यांनी बाही आणखी वर केली. "बघा ना, नीट बघा. दुकान मुलाच्या हाती दिलं तेव्हा घेतलं. विकणाऱ्याला खोदून खोदून विचारलं, कडं कुठल्या कारखान्याचं? त्याने तुमच्याच कारखान्याचं नाव सांगितलं. म्हणून घेतलं." मग घड्याळ यांच्या डोळ्यांपुढे धरून म्हणाले, "आणि हे काय आहे? परवा फाटक लावताना घासलं. चरा पडत नाही म्हणे! आता सांगा, पॉलिश कुणाचं कच्चं?"

काळ्या कड्यावर आडवी राखाडी रेघ होती. अगदी ठसठशीत.

हे म्हणाले, "शक्य नाही."

"शक्य नाही काय? डोळे आहेत ना?"

"दादा, शक्य नाही. काढ ते, इकडे दे."

"तू अजून तस्साच आहेस!" भाऊजी ओरडले. मी घाबरले खरी, पण आतून बरंही वाटलं. निदान अहो-जाहो तरी गेलं.

यांनी घड्याळ ओढूनच घेतलं आणि मला म्हणाले, "खोडरबर आण." मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. पण आणलं. साधं पेन्सिलीचं खोडरबर. यांनी बोटाने दाबून चार वेळा घासलं, धुऊन धुऊन विरलेला जुना रुमाल काढून पुसलं आणि घड्याळ पुढे धरलं. रेघ गायब!

"हा चरा नाही," हे म्हणाले. "हे तुझ्या फाटकाचं लोखंड आहे. कडं लोखंडापेक्षा कठीण. घासलं की लोखंडच झिजतं आणि याच्यावर लागून बसतं. चरा पडला असेल तर तो फाटकाला. घरी जाऊन बघ."

भाऊजी आ वासून बघत राहिले, आणि मग जे हसले! "अरे, म्हणजे मी फाटक बिघडवलं!" जाऊबाई हसल्या, मी हसले, माझा जीव भांड्यात पडला. चहा ठेवावा, दोन गोष्टी बोलाव्यात, गोडीने त्यांना गाडीवर बसवून द्यावं. सगळं जमून आलं होतं. भाऊजींनी घड्याळासाठी हात पुढे केला.

आणि या माणसाने शर्टाच्या खिशातून भिंग काढलं.

किल्ल्या काढल्या, नाणी काढली, पण मेलं भिंग राहिलंच! हे कड्याची कडा फिरवून फिरवून बघत होते. एका जागी थांबले. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे. मी टेबलाखालून पाय दाबला. तो जाऊबाईंचा निघाला. दुसऱ्यांदा नेम धरून यांचाच दाबला, तर यांनी पाय मागे घेतला. माझ्याकडे एकदा बघितलं, भाऊजींकडे बघितलं. गप्प बसायचं होतं हो फक्त. एवढंसं काम!

"तोंडाला लावायची पावडर आण जरा," हे म्हणाले.

मी डबा आणून आदळला. यांनी कड्यावर चिमूटभर पावडर चोळली आणि वरची पुसून टाकली. काळ्यावर केसाएवढी पांढरी रेष उमटली, कडेपासून आत गेलेली.

"दादा, कडं गेलंय," हे खाली बघत म्हणाले. "हा तडा आहे. याला चरा पडत नाही, पण आदळलं की तडकतं. फाटकाला नुसतं घासलं नव्हतं, चांगलं आपटलं होतं. आज ना उद्या तुकडा निघेल."

जाऊबाईंनी पर्स जवळ ओढली. मी म्हटलं, आटोपलं. स्वतःच्या हाताने भरलेलं ताट लाथाडलं या माणसाने.

भाऊजींनी विचारलं, "गप्प बसला असतास तर?"

"तर तू खूश होऊन गेला असतास."

"मग?"

"मग तिकडे एक दिवस तुकडा पडला असता, आणि मला ठाऊक होतं हे तुला कधी कळलं नसतं." हे अडखळले. "त्या दिवशी टेबलाचं... तेही मी खरंच बोललो होतो, दादा. पण तुला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. लोकांसमोर नको होतं. चुकलं माझं ते."

एवढ्या वर्षांत यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी ऐकला नव्हता. मला तर नाहीच ऐकवला कधी.

भाऊजी तडा बोटाने चाचपत होते. म्हणाले, "पुढच्याच महिन्यात पॉलिश बदललं मी."

"काय?" जाऊबाई उसळल्या. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार? की त्याचं बरोबर होतं?" भाऊजींनी घड्याळ यांच्यापुढे सरकवलं. "नवं कडं बसवायला किती दिवस?"

"आठेक दिवस. पण माझ्या हाताखालून गेल्याशिवाय मी ते बसवू देणार नाही. आधी सांगून ठेवतो."

भाऊजींनी आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं आणि जाऊबाईंना म्हणाले, "संध्याकाळची तिकिटं रद्द कर."

"अहो, पण अंगावरच्या कपड्यांनिशी आलोय आपण!"

"याचे शर्ट होतील मला. लहानपणी माझे याला व्हायचेच की." मग यांच्याकडे वळून म्हणाले, "आणि हे बघ, घाई करू नकोस. नीट घास, आपट, वाळूत फिरव, काय करतोस ते सगळं कर. महिना लागला तरी चालेल मला."

हे शर्ट आणतो म्हणून उठले आणि आत कपाटापाशी गेले. कपाटात यांचे शर्ट आहेत मोजून पाच, तेही समोरच्याच कप्प्यात. पण ते शोधायला यांना इतका वेळ लागला, की शेवटी भाऊजीच उठून आत गेले.