बंड्याला दार दिसत नाही

मनोरमाबाईंना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक आपल्या हातच्या सोलकढीचा आणि दुसरा विरारच्या फ्लॅटमध्ये नव्याने घातलेल्या पांढऱ्या लादीचा. जुनी ठिपक्याठिपक्यांची लादी त्यांच्या मुलाने, जितेंद्रने, उखडून टाकली आणि हॉलपासून थेट बाथरूमपर्यंत, सांधाही दिसणार नाही अशी दुधासारखी फरशी बसवून घेतली. आल्यागेल्याला बाई चपला बाहेर काढायला लावत आणि वर "सांभाळून हं, नवीन आहे" असंही बजावत.

नेमके त्या लादीवर त्यांचे यजमान आत्माराम अडायचे. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, मुळातच अबोल माणूस. हात थरथरू लागले तेव्हा डॉक्टरांनी कंपवात म्हणून निदान केलं, गोळ्या दिल्या. हात थरथरतात हे बाईंना समजत होतं. पण पायांना काय झालं? बाथरूमच्या दारापाशी येऊन हे खिळल्यासारखे उभे राहत. दार सताड उघडं, आत दिवा लावलेला, आणि हे बाहेर टाचा उचलत नुसते चुळबुळत. बरेचदा उशीर होई, आणि मग लादी पुसायची बाईंनी.

"जिना कसा टकाटक चढता? तेव्हा नाही पाय अडत!" बाई कडाडत. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. जिना ते खरोखरच बिनबोभाट चढत. त्यामुळे बाईंची खात्रीच पटली होती, की घरी बसलेल्या या माणसाला बायकोने सारखं मागेपुढे करावं असं वाटतंय, दुसरं काही नाही. एकदा ते पुटपुटले, "जुन्या लादीवर बरं होतं गं." बाईंनी लगेच सुनावलं, "नाचता येईना अंगण वाकडं!" त्यानंतर आत्मारामांनी तो विषय काढला नाही. पाणी मात्र कमी प्यायला लागले.

त्याच सुमारास सून अश्लेषा घरी बसली. सातवा महिना, डॉक्टरांनी सक्त आराम सांगितलेला. वेळ जाईना म्हणून तिने ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कॉम्प्युटरच्या एका गेमची सीडी आणली. गेम म्हणजे शुद्ध भातुकली. घर बांधायचं, त्यात माणसं ठेवायची आणि त्यांचा संसार बघत बसायचं. "पोटुशी बाई आणि खेळते काय, तर बाहुल्या," असं म्हणून नाक मुरडणाऱ्या मनोरमाबाई आठवड्याभरात स्टूल ओढून सुनेशेजारी बसू लागल्या. त्यातल्या मिशीवाल्या गड्याचं नावही त्यांनीच ठेवलं, बंड्या.

बंड्या म्हणजे एक नगच होता. जेवण झालं की ताट जमिनीवर ठेवून चालता होई. ते धुवायला म्हणून उचललंच, तर शेजारचं सिंक सोडून घराला वळसा घालून बाथरूमच्या बेसिनपाशी जाई. दारात समोरून बायको आली की दोघंही एकमेकांना वाट देत तिथेच ताटकळत, आधी तू, नाही आधी तू. "पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयासारखं करतोय मेला," असं म्हणत बाई पोट धरधरून हसायच्या.

एका दुपारी बंड्या बाथरूमच्या दाराशी आला आणि थांबला. दार समोर होतं. त्याने हात हलवले, वर बघून आपल्या भाषेत काहीतरी ओरडला, एक पाऊल टाकलं आणि पुन्हा थांबला.

"अरे मेल्या, जा की! डोळे फुटले काय?" बाई पडद्यावर खेकसल्या.

बंड्या गेला नाही. उभ्या जागीच त्याचं व्हायचं ते झालं, पायाशी तळं साचलं आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अश्लेषा हसली. बाई हसल्या नाहीत.

"असं काय करतो गो हा? दार तर समोर आहे."

"आपल्याला दिसतं, आई. त्याला नाही दिसत," अश्लेषा म्हणाली. "मी चुकून दाराजवळ कुंडी ठेवली ना, त्याच्या दृष्टीने तिथे वाटच नाही. मुद्दाम नाही करत बिचारा." तिने एक बटण दाबलं, तशा बंड्याच्या घरभर जमिनीवर चौकटी उमटल्या. "हे बघा, हा असा चौकटी धरून चालतो. एक अडली की संपलं." तिने कुंडी उचलली आणि बंड्या मुकाट आत गेला.

बाई उठल्या. गॅसवर काही ठेवलंय म्हणाल्या. ठेवलेलं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या आपल्या घरातली कुंडी शोधू लागल्या. पायपुसणं काढलं, चपलांचं कपाट सरकवलं, टीपॉय गॅलरीत नेऊन ठेवला. फरक शून्य. मग ओरडायचं सोडून त्या नुसत्या बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पायांकडे त्यांनी कधी असं बघितलं नव्हतं. जिन्यावर पाय अडत नव्हता. बाहेरच्या पॅसेजमध्ये, जाड सांध्यांच्या शहाबादी फरश्यांवरही अडत नव्हता. घरातल्या गुळगुळीत पांढऱ्यावर आले की पाऊल चाचपडायला लागे. याला चौकटी नाहीत, बाईंच्या मनात आलं. पाय कुठे टाकायचा ते या माणसाला कळतच नाही, आणि आपण या लादीचं कौतुक बिल्डिंगभर सांगत सुटलो! त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

त्यांनी देवघराखालचा रांगोळीचा डबा काढला. पांढऱ्यावर पांढरी दिसेना, म्हणून लाल घेतली आणि आत्मारामांच्या खुर्चीपासून बाथरूमच्या दारापर्यंत, पावलापावलाच्या अंतरावर जाड आडव्या रेघा ओढल्या.

"अहो, या आता."

आत्माराम उठले आणि पहिल्याच रेघेपाशी थबकले.

"अगं, रांगोळीवर पाय कसा देऊ?"

"देऊ नका. ओलांडा."

जन्मात रांगोळीला पाय न लावलेला माणूस. त्यांनी पाय चांगला वर उचलला आणि रेघ ओलांडली. मग पुढची. मग त्यापुढची. दारातही रेघ होती, तीही ओलांडली, आत गेले आणि आतून कडी लावली.

अश्लेषा खोलीतून बाहेर येऊन बघत होती. "आई, तुमची लादी..."

"लादी गेली खड्ड्यात! जितूला सांग, येताना लाल चिकटपट्टी आण म्हणावं."

आत्माराम बाहेर आले आणि तसेच एकेक रेघ ओलांडत खुर्चीत येऊन बसले. बाई त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मुद्दाम करता. नाही नाही ते बोलले. एकदा तरी उलटून बोलायचं होतंत!"



"काय बोलणार, मनू?" आत्माराम म्हणाले. "तू रोज म्हणायचीस, मुद्दाम करता म्हणून. शेवटी मलाही वाटायला लागलं होतं, आपण मुद्दामच करतोय."