डाव्या बाजूचा कापूस

वाईट बातमीची आगाऊ तयारी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत ही सवय वऱ्हाडात अनेकांना लागली होती, मला जरा जास्तच.

बायकोच्या डाव्या स्तनात दगडासारखी गाठ निघाली. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरसारखी दिसते, पण आधी तुकडा तपासू." त्यातलं 'पण' माझ्या कानात शिरलंच नाही. तिचा जुना ब्लाउज मापासाठी पिशवीत घालून, तिला न सांगता, मी अकोल्याला जठारपेठेतल्या एका शिलाईवाल्या खालाकडे गेलो. ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी ती एका बाजूला कापूस भरून ब्लाउज शिवायची.

ओठांत टाचण्या धरूनच ती बोलायची. बोटं सरकीपासून कापूस सोडवत असायची.

"रिपोर्ट आला काय?"

"येईलच आता."

"मंग घाई काहून करता, भाऊ? शिवलेला कपडा अंगाची वाट पाह्यत राह्यते."

मी हसलो. "शिवा हो, खाला!"

तिने ब्लाउजची डावी बाजू तळहाताने हळूच चपटी केली आणि टेप उचलला.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. स्तनाचा क्षय होता. क्वचित होणारा, गोळ्यांनी बरा होणारा. पेढे घेऊन मी ब्लाउज रद्द करायला धावलो.

शिवलेले ब्लाउज टांगायची तिची खुंटी रिकामी होती.

"कालच गेला," टाचण्यांमधून ती म्हणाली. "एक पोरगी आली होती, डाव्याच बाजूचं ऑपरेशन झालेली. माप घ्याचं कामच नाई पडलं."

पेढ्यांचा पुडा पिशवीतच राहिला. त्या पोरीला मी कधी पाहिलं नाही. तिचा ब्लाउज मात्र मीच शिवायला टाकला होता.