मंगळवारची सुनावणी

ज्याच्याविरुद्ध त्याच्याच पोरांनी रीतसर अर्ज करावेत, ज्याने ते दोन्ही हातांनी स्वीकारावेत आणि निकालही बहुतेक वेळा पोरांच्या बाजूने द्यावा, असा बाप उभ्या बालाघाट जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. साडू कलेक्टर कचेरीत बाबू. तिथे दर मंगळवारी जनसुनवाई असते. गावोगावचे लोक तक्रारी घेऊन येतात, साहेब ऐकतात आणि साडू अर्ज नोंदवून पावत्या देतात. दिवसभर दुनियेची रड ऐकून आलेला माणूस संध्याकाळी पाय पसरून बसेल की नाही? हे गृहस्थ घरी येऊन हातपाय धुवायचे, जेवणाचं टेबल भिंतीला लावायचे, मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरायचे आणि ठीक सात वाजता घरच्या जनसुनवाईला बसायचे. अर्जदार दोन. नववीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा.

नियम कडक होते. अर्ज कागदावरच हवा. मुलाला धड लिहिता येत नव्हतं तोवर चित्र चालायचं. शिक्का पडल्याशिवाय अर्ज खरा नाही. पण ऑफिसचा शिक्का घरच्या कामाला लावणं साडूंच्या तत्त्वात बसत नसे, म्हणून दर मंगळवारी अर्धा बटाटा कोरून नवा शिक्का तयार व्हायचा. एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या ताईंनी, तो बटाटा नजरचुकीने भाजीत चिरला आणि आम्ही सगळ्यांनी निळसर रस्सा निमूटपणे ओरपला. एका मंगळवारी मुलाने डब्यात सलग तीन दिवस लौकी, म्हणजे दुधी, आल्याचं चित्र काढून आणलं. लौकी हिरवी, तो स्वतः रडका. प्रकरण संबंधित विभागाकडे, म्हणजे स्वयंपाकघरात गेलं. ताईंनी आतूनच उत्तर दिलं, "विभागाचं म्हणणं हाय का बाजारात हेच स्वस्त हाय." साडूंनी बराच विचार केला आणि आठवडाभर लौकीचा डबा स्वतः कचेरीत नेला. पोराला भेंडी मिळाली.

मुलीने तर थेट बापावरच अर्ज टाकला होता. पापा माझ्या मैत्रिणींसमोर गाणी म्हणतात. साडू ताडकन खुर्चीवरून उठले. "माह्याच विरोधातल्या अर्जावर मीच कसा बसू? हे बरोबर नाही." ताईंना खुर्चीत बसवलं, स्वतः पुढे हात बांधून उभे राहिले आणि महिनाभराची गाणेबंदी मुकाट्याने भोगली. मधे एकदा न्हाणीघरात दोन ओळी निघून गेल्या, तर ओल्या अंगानेच बाहेर येऊन कबुली दिली.

या साऱ्याला सगळ्यात जास्त हसणारा मीच. मी शाळेत गणित शिकवतो. सारं गाव मला सर म्हणतं, साडूसुद्धा. "अशानं पोरं डोक्यावर बसतीन," असं मी बजावलं की ते म्हणायचे, "बसू द्या ना सर. जवळ तं राह्यतीन." मला ते भाबडं वाटायचं. माझीही मुलगी तेव्हा नववीतच होती. ती माझ्याशी 'हाँ' आणि 'जी' यापलीकडे बोलेनाशी झाली होती आणि मी त्याला शिस्त समजून खूश होतो.

अशाच एका मंगळवारी साडेसातच्या सुमारास साडू दारात उभे. खिशाला पेन, हातात घडी केलेला कागद. मी चहा सांगितला तर म्हणाले, "नको. आज मी साडू म्हणून नाही येऊन राह्यलो." कागदावर बटाट्याचा शिक्का आणि खाली माझ्या मुलीचं अक्षर, थेट कचेरीच्या हिंदीत. 'विषय : घर में पापा उपलब्ध कराने बाबत। महोदय, निवेदन है कि प्रार्थिया के पापा स्कूल से आने के बाद भी सर ही रहते हैं। प्रार्थिया के सत्तानवे नंबर आए तो उन्होंने तीन के बारे में पूछा। कृपया प्रार्थिया को पापा दिलाए जाएँ।'

मी काय करावं? लाज वाटते सांगायला, पण माझा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. साडूंनी तो तिथेच धरला. "सर, पेपर नाही हा. अर्ज हाय."

"काय करू मग?" मी विचारलं.

"बसा. तिले बोलू द्या. अन् मधात एक शब्द बोलायचा नाही."

मुलगी आतल्या दारात उभी होती. तिच्या मावसाजींनी, म्हणजे साडूंनी, मान हलवली तशी ती येऊन समोर बसली. आधी अडखळत, मग धडाधड बोलली. "आपण वैनगंगेच्या घाटावर स्कूटरवरून जायचो ते तुम्ही पाचवीपासून बंद केलं. घरी आलात की आधी वही मागता, मग पाणी. मला तुमची भीती वाटते पापा." तीस वर्षांच्या नोकरीत मी इतका वेळ गप्प कधी बसलो नव्हतो. उत्तरं ओठांवर येत होती, मी ती गिळत होतो, आणि त्या कसरतीत माझं तोंड असं काही झालं असावं की बोलता बोलता ती फिसकन हसली. तिच्यामागून साडू हसले, मग मी. त्या रविवारी आम्ही दोघं घाटावर गेलो. मी तिला एकही प्रश्न विचारला नाही, फक्त भुट्टा विकत घेऊन दिला. किती बोलली ती!

आता पोरं पांगली. साडूंची मुलगी नागपूरला नोकरी करते, मुलगा हॉस्टेलला आहे, माझी जबलपूरला शिकते. परवाच्या मंगळवारी मी त्यांच्याकडे गेलो तर साडू त्याच वेळी त्याच खुर्चीत बसलेले, समोर कोणी नाही. सहज विचारलं, "हे खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून, भाऊ?"

त्यांनी मला खूण करून समोर बसवलं. मग म्हणाले, "मी सात वर्षांचा होतो. बापूनं मले शिकासाठी तिरोडीले आत्याकडे ठेवलं. खैरलांजीकडल्या आमच्या गावात शाळा धड नव्हती, चांगल्यासाठीच ठेवलं. स्टेशनवर मी त्याइचा सदरा धरला. मले काही सांगायचं होतं. ते म्हणे, मंग सांगजो. अन् गेले."

"काय सांगायचं होतं?"

साडू हसले. चष्मा काढून पुसू लागले. "तेच तं आठोत नाही, सर. लय दिवस आठवून पाह्यलं."

मी उठलो. घरी आलो, बायकोला काही न सांगता अंगणात खुर्ची टाकली आणि जबलपूरला फोन लावला. मुलीने घाबरूनच विचारलं, "पापा, काही काम होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "तू सांग."

मग ती बराच वेळ मेसमधल्या पातळ वरणाबद्दल बोलत राहिली.