मशीन तापलंय

आमेरच्या डोंगराखाली, बसथांब्यासमोर, मोहर टॉकीज उभं होतं. आधी तंबू, मग पत्रे, मग भिंती, असं ते सावकाश वाढलेलं. कोंडिबा तिथं आला तेव्हा बाकं जाऊन खुर्च्या यायच्या होत्या. गडी साताऱ्याकडचा, माणदेशचा. जयपूरच्या छावणीत फौजेला सिनेमे दाखवता दाखवता मशीन शिकला, आणि पेन्शनीत निघाल्यावर गावी गेलाच नाही. तिकडं वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं.

टॉकीजच्या शेठकडे त्यानं एकच मागितलं. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मराठी खेळ. शेठ हो म्हणाला.

मग छावणीच्या ट्रकमधून बायकापोरं उतरू लागली. शहरातल्या आदर्श नगर, सी-स्कीमकडची बँकवाली मंडळी डबे घेऊन येऊ लागली. कोंडिबा मात्र वर, केबिनमध्ये. मशीनची घरघर एवढी, की पडद्यावरचा शब्द कानी पडायचा नाही. इतके मराठी सिनेमे दाखवले, ऐकला एकही नाही. त्याची मराठी मध्यंतरात, बाहेरच्या पायऱ्यांवर. म्हणून मध्यंतर तो मुद्दाम ताणायचा.

"काय कोंडिबा, तापलं का मशीन?" बायका हसून विचारायच्या.

"लई तापलंय, वहिनी. हात लाववंना!"

आणि कुणाच्या तरी डब्यातलं धपाटं हातात घेऊन तो नुसता ऐकत बसायचा. कुणाची सासू, कुणाची बदली, कुणाच्या गावची जत्रा. महिनाभर पुरवायचं ते.

मग घरोघर व्हिडिओ आले. ट्रक यायचा थांबला. सत्याऐंशीच्या थंडीत शेठ म्हणाला, "कोंडिबाजी, ये इतवार आखिरी. कोई न आए तो मशीन मत चलाना."

त्या रविवारी कोंडिबा दाढी करून पायऱ्यांवर उभा राहिला. खेळाची वेळ टळून गेली. अखेर शहराकडच्या बसमधून बँकेतल्या साहेबांच्या विजयमालावहिनी उतरल्या. सोबत कॉलेजातली लेक, जयंती.

"नागपूरला बदली झाली आमची," वहिनी म्हणाल्या. "सामान बांधलं, व्हिडिओही बांधला."

"म्हून आमची आठवण झाली व्हय?"

वहिनी ओशाळून हसल्या. कोंडिबा मात्र वर जवळजवळ पळतच गेला.

मध्यंतरात जयंती वैतागली. "आई, मतलब अजून किती बसायचं? व्हिडिओ तर हवा तेव्हा थांबवता येतो."

"इथंही थांबवता येतो," वहिनी डबा उघडत म्हणाल्या. "काय कोंडिबा?"

"लई तापलंय," तो म्हणाला आणि पायरीवर बसला.

वहिनी नागपूरच्या घराचं बोलल्या, मोडलेल्या कपाटाचं, लेकीच्या लग्नाचं. तो मान हलवत राहिला. ऊन पायऱ्या उतरून रस्त्यावर गेलं. मग त्यांनी विचारलं, "सिनेमात शेवटी ती माघारी येते का हो?"

"येती. दारात हुबी ऱ्हाती. बोलती बी कायतरी. काय, ते न्हाई ठावं."

बस आली. "भैया, चलते हैं," जयंती म्हणाली. वहिनींनी उरलेली धपाटी कागदात बांधून त्याच्या हातात दिली. "जपा हो," एवढंच म्हणाल्या.

बस वळणाआड जाईपर्यंत कोंडिबा उभा होता. मग तो वर गेला. उरलेला अर्धा सिनेमा पेटीत तसाच होता. त्यानं मशीनवर हात ठेवला.

केव्हाच गार पडलं होतं.