साखरेची बरगडी

गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यांवर ती कवळ्या बनवते. तिच्या टेबलावर हिरड्यांच्या गुलाबी रंगाच्या जितक्या छटा आहेत, तितक्या कापडाच्या दुकानातही सापडायच्या नाहीत. फार पांढरे आणि फार सरळ दात ती कुणालाच करून देत नाही. "माणूस हसल्यावर आधी दात दिसले आणि मागून माणूस दिसला, तर माझं काम फसलं," असं तिचं म्हणणं.

सासऱ्यांची कवळीही तिनेच केलेली. सासरे खाटीक, उभा जन्म मटणाच्या दुकानात गेला. गोडाशी त्यांचं पहिल्यापासून वाकडं. कुणी ताटात गोड वाढलं तर "ही पोरांना द्यायची लाच, मला कशाला?" म्हणत बाजूला सारायचे. आणि नेमकं त्यांच्याच वाट्याला असलं दुखणं आलं. दुखणं बरं झालं, पण औषधांनी तोंडाची चव पार फिरवून टाकली. मीठ जिभेला लागलं की गंजलेलं लोखंड चाटल्यासारखं वाटायचं. मटण, अंडं, साधा उकडलेला बटाटा, कशाचाच घास ठरेना. गोड तेवढं चालायचं.

"मग गोड तर गोड," डॉक्टर म्हणाले. "साखरेचा आजार नाही यांना. पोटात काहीतरी जाऊ दे, नाहीतर दुखण्यातून उठलेला माणूस उपासाने जाईल."

सांगायला सोपं होतं. घरातली माणसं समोर बसून जेवतायत आणि आपण वाटीत चमचा घालून दुधात कुस्करलेला गोड पाव खातोय, हे सासऱ्यांना मानवेना. दोन चमचे घ्यायचे, वाटी सरकवायची आणि उठायचं. मनगटावरचं घड्याळ सैल होत होत कोपराकडे घसरायला लागलं.

"बाबा, हट्ट सोडा हो आता," मुलगा म्हणायचा.

"मी काय रांगतोय का, वाटीचमचा द्यायला?"

त्यांचं भांडण वाटीशी आहे, हे सुनेने ओळखलं. समजावण्याच्या भानगडीत ती पडलीच नाही. एका सुट्टीच्या सकाळी तिने नवऱ्यासाठी आणि स्वतःसाठी अंडी तळली. सासऱ्यांसाठी दूध आणि साखर घट्ट आटवून ताटलीत पसरली, कडा मुद्दाम वेड्यावाकड्या ठेवल्या, त्यांना जळक्या साखरेचा तपकिरी हात दिला. वर जर्दाळूच्या पाकाचा बलक बसवला, तोही जरा एका अंगाला. कोंबडी काही पट्टी लावून अंडं घालत नाही.

तीन ताटल्या टेबलावर गेल्या आणि पहिल्याच घासाला नवरा ओरडला, "अगं, हे गोड आहे!"

समोर सासऱ्यांनी खऱ्या अंड्याचा घास रुमालात काढला होता. वाढताना ताटल्या खुद्द करणारणीलाच ओळखता आल्या नव्हत्या. सासऱ्यांनी दोन्ही ताटल्यांकडे आळीपाळीने पाहिलं, मुलासमोरची ओढून घेतली आणि म्हणाले, "माझं होतं ते. खाल्लंस तेवढं खाल्लंस." मग ती ताटली त्यांनी चाटूनपुसून साफ केली.

तेव्हापासून फसवाफसवीचा प्रश्नच उरला नाही. दालचिनीची भुकटी लावलेले बदामाचे बटाटे, पिस्त्याचे मटार, साखरेच्या खवल्यांचा मासा, सगळं सासरे काट्यासुरीने कापून, सगळ्यांच्या पंगतीत बसून खायचे. घड्याळ हळूहळू पुन्हा मनगटावर आलं. दुपारी टेबलावर कवळ्या आणि संध्याकाळी त्याच हातांनी मटार, यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. विशेष वाटत होतं ते शेजारणींना. त्या दारातून डोकावून विचारायच्या, "आज काय खोटं शिजतंय?"

मग तिने मटणाचे चाप, म्हणजे हाडासकट बरगडीचे काप, करायचा घाट घातला. बदामाच्या लगद्याला कोको आणि बिटाचा रस लावून तांबडा रंग आणला, मापाचा साचा केला, एकेक चाप दाबून काढला, कडेला पांढऱ्या साखरेची चरबी लावली, साखरेचंच हाड खोचलं. नणंद त्या दिवशी माहेरी आली होती. ती पण क्षणभर फसली.

सासऱ्यांनी काट्याने चाप उलटा केला. पुन्हा सुलटा केला. काटा खाली ठेवला आणि उठून खोलीत गेले. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने नेहमीचं अंडं पाठवलं, तेही परत आलं.

"मला वाटलंच होतं," नणंद म्हणाली. "वहिनी, किती दिवस त्यांच्या तोंडाला पानं पुसशील? जन्मभर खरं विकलं त्यांनी. शेवटी जिवाला लागलंच ना?"

"हात दाखवून अवलक्षण झालं," नवरा म्हणाला. "सोडून दे आता."

"सोडू आणि खायला काय घालू?"

तोच चाप घेऊन ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाबा, कवळी खुपतेय?"

"नाही."

"गोड जास्त झालं?"

"नाही."

"मग चुकलं काय ते सांगा. परकं गिऱ्हाईकसुद्धा सांगतं मला."

ते उठून बसले. "हा कापलाय कुणी?"

"कापला नाही. साच्यातून काढलाय."

"दिसतंय ना. भिंतीला चुना लावावा तशी चरबी लावलीयेस. हाड तर काडी खोचल्यासारखं. मांसाला रेषा नाही, काही नाही. माझ्या ठोकळ्यावरून असला चाप गेला असता तर मी दुकानाला कुलूप घातलं असतं."

"बाबा, साखर आहे हो ती."

"मग? अंडं मी कधी घातलं नाही, ते तू कसंही कर. बटाट्यातलं मला कळत नाही. हे कळतं. कालपासून डोळ्यांसमोरून हलत नाहीये. घास कसा उतरेल?"

दुसरी कुणी असती तर रडली असती, नाहीतर ताटली आपटून निघून गेली असती. ही कवळ्यांच्या गिऱ्हाइकांना सरावलेली. यापेक्षा वाईट ऐकलेलं. पलंगाच्या कडेला बसून तिने विचारलं, "मग हाड कुठून कसं येतं?" सासऱ्यांनी पांघरुणावर बोटाने रेघ काढून दाखवली. बोट फिरत गेलं तशी तिला स्वतःची चूक दिसली. दात एकेक करून बसवायचे असतात, म्हणून तिने चापही एकेक केले होते. मांस आधी अख्खं असतं.

पुढचा सगळा दिवस तिने कवळ्यांच्या टेबलाला हात लावला नाही. बदामाचा लगदा ओढून त्याचे बारीक दोर केले आणि एकाच दिशेने शेजारी शेजारी निजवले. मधूनमधून पांढऱ्या साखरेची चरबी सोडली, कुठे जाड, कुठे नुसती पुसटशी. कडक पाकाच्या वाकड्या बरगड्या आत रचल्या, वरून पुन्हा मांस चढवलं, आणि ते धूड ओल्या फडक्यात आवळून थंड व्हायला ठेवलं.

संध्याकाळी तिने ते अख्खंच जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि शेजारी सासऱ्यांचा सुरा.

"हात थरथरतात त्यांचे!" नणंद म्हणाली. "सुरा कसला देतेस?"

"तू गप गं," सासरे म्हणाले.

त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. "कोवळं आहे," ते म्हणाले. मग बोटाने बरगडी चाचपली, तिच्या अंगाने सुरा घातला, जोर न देता ओढला. हात थरथरत होताच, पण सुरा टेकला की थांबत होता. पहिला काप आडवा पडला. चरबीची रेघ मांसातून वाट काढत बरगडीला वळसा घालून गेली होती. मुलगा नकळत पुढे वाकला.

सासऱ्यांनी तो पहिला, टोकाचा, वाकडातिकडा तुकडा बाजूला ठेवला. पुढचे सरळ काप मुलीला, मुलाला आणि सुनेला वाढले.

"टोकाचा मला द्या," सून म्हणाली. "तुम्ही चांगला घ्या."

"टोकाचा विकायचा नसतो, वाढायचा नसतो. तो खाटकाच्या घरचा." त्यांनी तो हातानेच उचलला आणि कवळीने सावकाश चावून संपवला. "खांद्याकडे चरबी कमी पडलीये," ते म्हणाले.

"पुढच्या वेळी घालते."

"घाल."

सुरा त्यांनी पुसून ठेवला नाही. पुढची बरगडी चाचपली आणि आपल्यासाठी आणखी एक काप काढला.