ओल्या विटेवरचं पाऊल

वरच्या खोलीसाठी विटा बघायला भट्टीवर गेलो होतो. उन्हात पसरलेल्या ओल्या विटांवरून सहा-सात वर्षांची एक मुलगी अनवाणी चालत होती आणि एकेक वीट वळवून ठेवत होती. एका विटेवर तिचं पाऊल उमटलं होतं. वीट नऊ इंची. पाऊल जेमतेम सहा इंच.

"मोठं माणूस चाललं की वीट चेपते, साहेब. पोरं हलकी असतात," मालक कौतुकाने म्हणाला. "या लोकांच्या रक्तातच आहे हे काम."

रक्तात कसलं? दिवाळीनंतर गाव सोडून आलेल्यांची पोरं अर्धपोटी असतात, म्हणून हलकी असतात. त्यांच्या उपासमारीची सोय करून घ्यायची आणि वर तिला परंपरा म्हणायचं, हा निर्लज्जपणा आहे.

मुलीची आई शेजारीच चिखल मळत होती. तिनेही लहानपणी विटा वळवल्या होत्या, तिच्या आईनेही.

"हिला शाळेत कधी घालणार?" मी विचारलं.

"शाळा कुठली, दादा! औंदा जड झाली ही, विटा चेपती. आता ही डोक्यावर विटा वाहील आन् धाकटी वळवंल."

मालकाने तिथेच चिखलात खेळणाऱ्या चार वर्षांच्या धाकटीला बखोटीला धरून उचलून पाहिलं.

"तीन हंगाम आरामात निघतील," तो म्हणाला.