घरात खरूज आली तेव्हा

माझी धाकटी जाऊ कातडीच्या दवाखान्यात नर्स होती. लोकांना खाज सुटली की आमच्या सुनेला पगार मिळतो, असं आमचे सासरे म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. दुसरं कुणी हसत नसे, म्हणून त्यांना ते पुन्हा म्हणावं लागे.

तिचं काम मी पाहिलं आहे. आधी जखम पुसायची, कोरडी करायची, मग हातमोजा घालून मलमाचा पातळ थर द्यायचा. कुणी जास्त मागितलं तर म्हणायची, "आपल्याला भिंत रंगवायची नाही." सुई टोचण्याआधी दर वेळी विचारायची, पूर्वी कुठल्या औषधानं अंगावर पुरळ उठलं होतं का. बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडू नका, हे तर ती झोपेतही बडबडत असेल. तिथे माणसं निमूट ऐकायची. घरी मात्र सासूबाई ताप उतरला की उरलेल्या गोळ्या एका डब्यात टाकायच्या आणि शेजारणींना रंग बघून वाटायच्या. पांढरी डोक्याला, पिवळी पोटाला. त्यांची पाठ वळली की धाकटी तो डबा रिकामा करायची. सासूबाईंना वाटायचं, आपल्या गोळ्यांना गिऱ्हाईक फार.

एकदा आमच्या घरात खाज सुरू झाली. आधी माझ्या पोरांच्या बोटांच्या बेचक्यात, मग ह्यांच्या कमरेला, मग सगळ्यांनाच. दिवे लागले की घरभर खराखरा आवाज. धाकटीनं पोरांचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "खरूज आहे."

सासूबाईंना तो शब्दच सोसला नाही. "आपल्याकडे असलं काही नसतं. तूच आणलीस तिथून. आजवर गप्प बसले, आता नोकरी सोड आणि घरी बस."

धाकटीचा चेहरा उतरला. त्या नोकरीत तिचा जीव होता. माझा दीर भला माणूस, पण आईसमोर त्याला एकदम पायातल्या चपला नीट ठेवायचं काम सुचायचं.

ती एवढंच म्हणाली, "नोकरीचं मागून बघू. आधी औषध लावू. खाज असो नसो, सगळ्यांनी एकाच संध्याकाळी लावायचं. मानेपासून तळव्यापर्यंत, बेचक्यांत, नखांखालीसुद्धा. सकाळी धुवायचं. कपडे, पांघरुणं कडकडीत पाण्यात. एक जरी राहिलं तरी पुन्हा सगळ्यांना होणार."

"मला खाज नाही, मी लावणार नाही," सासूबाई म्हणाल्या. म्हणताना त्या दाराच्या चौकटीला पाठ घासत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला म्हटलं, "चल गं, तिच्या दवाखान्यातल्या मोठ्या बाईंना भेटून येऊ. रोग घरी आणते म्हणून सांगते आणि तिचं नावच काढून टाकायला लावते." मी गेले. नाही म्हणायची सोय कुठे होती.

दवाखान्यात मोठ्या बाई जागेवर नव्हत्या. "तक्रार आहे, येऊ द्या त्यांना," असं शिपायाला बजावून सासूबाई बाकावर टेकल्या. ते बाक होतं रांगेचं. बसलं की पुढे सरकावंच लागे. शेजारचे एक म्हातारबुवा हळूच म्हणाले, "आत ज्या सिस्टर आहेत ना, त्यांना उलट बोलू नका. फार कडक आहेत."

"मला सांगताय?" सासूबाई म्हणाल्या, पण मागच्यांनी ढकललं तशा सरकल्या.

पडदा बाजूला झाला. आत धाकटी पांढऱ्या कपड्यांत उभी. तिनं आम्हाला पाहिलं आणि इतर म्हाताऱ्यांना म्हणायची तसंच म्हणाली, "या आजी, बसा. बाह्या वर करा."

आणि काय सांगू, ज्या बाईनं सुनेच्या हातचं पाणीसुद्धा कधी न कुरकुरता घेतलं नाही, तिनं बाह्या वर केल्या.

डॉक्टरांनी भिंग लावून मनगट पाहिलं. "हे बरेच दिवसांचं आहे, आजी. घरात सगळ्यांत आधी तुम्हालाच सुरू झालं का?"

सासूबाई भिंतीकडे बघत बसल्या. त्या महिनाभर बहिणीकडे राहून, तिच्याच पांघरुणात झोपून आल्या होत्या, आणि आल्या त्या खाजवतच. हे मला माहीत होतं, धाकटीलाही माहीत होतं. तिनं एक वाक्य बोलायचा अवकाश, नोकरीचा वाद तिथेच मिटला असता.

"कळत नाही, डॉक्टर," धाकटी म्हणाली. "घरात सगळ्यांनाच एकदम झालंय." आणि सासूबाईंच्या बाह्या हलकेच खाली केल्या.

आम्ही बाहेर आलो तर मोठ्या बाई समोर. "आजी, तुमची काही तक्रार आहे म्हणे?"

मी जमिनीकडे बघितलं. सासूबाईंनी पडद्याकडे एकदा पाहिलं. "आहे तर. बाकं फार टणक आहेत तुमची."

त्या संध्याकाळी सगळ्यांनी औषध लावलं. सासूबाईंच्या पाठीला धाकटीनंच लावलं, दार लोटून. तिनं आधीच बजावलं होतं, खरजेचा किडा मेला तरी खाज काही आठवडे रेंगाळते, मी सांगेन तेव्हाच पुन्हा लावा. सासऱ्यांनी अर्थातच ऐकलं नाही. ते चोरून रोज लावत राहिले आणि कातडी भाजल्यासारखी लाल करून बसले.

"औषधच खोटं," ते आरामखुर्चीतून ओरडले. "अजून खाजतंय. तू म्हणत होतीस ना, तिला घरी बसव म्हणून? बसव आता."

धाकटी डबा पिशवीत घालून कामावर निघाली होती. ती दारात थांबली. मीही हातातलं काम थांबवलं.

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. "घरी बसायला तुम्ही आहात की," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "एका घरात एक पुरे. जा गं तू, उशीर होतोय तुला."